प्रकाशाला हळू करायचं ते कशासाठी? : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात एक छोटी चौकट छापली होती, सिलिकॉनच्या चिपवर प्रकाशाचा वेग पार कमी करता येतो आणि तो हवा तसा कंट्रोलही करता येतो, एवढंच तिच्यात होतं. त्यावर निपाणीपासून खानापूरपर्यंत इतकी पत्रं आणि व्हॉट्सअॅप मेसेज आलेत की या वेळचं अख्खं सदर त्याच विषयाला देऊन टाकलंय. सारखे प्रश्न एकत्र केलेत, आणि ज्यांनी पानंच्या पानं लिहिलीत त्यांच्यातलं मुद्द्याचं तेवढं घेतलंय, राग मानू नका.

सर, आम्ही आयुष्यभर मुलांना शिकवलं की प्रकाशाचा वेग सेकंदाला तीन लाख किलोमीटर आणि तो बदलत नाही. तुम्ही लिहिता हळू होतो. मग आइन्स्टाईनचं काय करायचं?
— निवृत्त शिक्षिका, टिळकवाडी, बेळगाव

बाई, तुम्ही शिकवलंत ते बरोबरच आहे, आइन्स्टाईनला हात लावायची गरज नाही. निर्वात पोकळीतला वेग, म्हणजे सेकंदाला 2,99,792.458 किलोमीटर, तो अजिबात बदलत नाही, इतका की 1983 पासून मीटरची व्याख्याच त्याच्यावरून करतात. पण प्रकाश पाण्यात, काचेत शिरला की तिथल्या इलेक्ट्रॉनांना हलवतो, ते हलले की त्यांच्यातूनही लहरी निघतात, आणि मूळची लहर अधिक या नव्या लहरी मिळून जी बेरीज होते ती हळू पुढं सरकते. पाण्यात 1.33 पट हळू, साध्या काचेत दीड पट, आणि चिपवर वापरतात त्या इन्फ्रारेड प्रकाशासाठी सिलिकॉनमध्ये साधारण साडेतीन पट. हे तुमच्या अपवर्तनाच्या धड्यातलंच आहे.

चौकटीतला वेग मात्र याच्या पुढचा. एकाच रंगाच्या लहरीचा माथा किती वेगानं जातो हा एक हिशोब, आणि प्रकाशाचा एक छोटा झपका, ज्याला पल्स म्हणतात, तो अख्खा किती वेगानं जातो हा दुसरा हिशोब. पल्समध्ये जवळजवळचे बरेच रंग एकत्र असतात. शेजारच्या दोन रंगांच्या लहरींच्या वेगात फरक पडला की त्यांची बेरीज जिथं सगळ्यात उंच होते ती जागा मागं राहायला लागते. हा फरक आपण मुद्दाम मोठा करून ठेवला तर पल्स पाहिजे तेवढी रेंगाळते. चिपवर हळू प्रकाश म्हणतात तो हाच, पल्सचा वेग.

मी फायबर इंटरनेटचं काम करतोय, स्प्लायसिंग, फॉल्ट काढणं सगळं. ओटीडीआरमध्ये आयओआर (अपवर्तनांक) म्हणून 1.468 टाकायला सांगितलंय, सगळे तेच टाकतात, कुणाला विचारलं तर म्हणतात टाक की, काम झाल्याशी मतलब. हा आकडा तुमच्या हळू प्रकाशाशी संबंधित आहे काय?
— फायबर टेक्निशियन, निपाणी

संबंधित आहे काय म्हणजे, तोच आहे! तुमचं ओटीडीआर, म्हणजे फायबर कुठं तुटली ते शोधायचं मशीन, फायबरमध्ये प्रकाशाचा झपका सोडतं आणि परत आलेला अंधुक प्रकाश किती वेळानं आला ते मोजतं. त्याला कळतो फक्त वेळ. वेळेवरून अंतर काढायला त्या फायबरमध्ये पल्स किती वेगानं पळते ते माहीत पाहिजे, ते तुम्ही 1.468 टाकून सांगता, म्हणजे पोकळीतल्या वेगाला 1.468 नं भागा. येतात सेकंदाला सुमारे 2,04,000 किलोमीटर. याला ग्रुप इंडेक्स म्हणतात आणि या सदरात पुढं जिथं जिथं मी इंडेक्स लिहीन तिथं हाच धरा.

आता हा आकडा चुकला तर? समजा 1.468 च्या ठिकाणी कुणी 1.460 टाकलं. 10 किलोमीटरवरचा तुटलेला पॉइंट मशीन 55 मीटर पुढं दाखवणार. तुम्ही कोगनोळीच्या बाजूला भर उन्हात भलत्याच चेंबरचं झाकण उघडून बसणार. शिवाय मशीन फायबरची लांबी सांगतं, रस्त्याची नाही, प्रत्येक जॉइंटला गुंडाळून ठेवलेली जास्तीची केबल त्यात धरलेली असते, हे तुम्हाला मी सांगायला नको.

तर तुमच्या फायबरचा इंडेक्स दीडच्या आत. चिपवर प्रकाश वाहून नेणाऱ्या साध्या सिलिकॉनच्या वायरीचा, जी अर्धा मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) रुंद असते, सव्वाचारच्या आसपास. आणि मुद्दाम हळू करायला बनवलेल्या चिपमध्ये तो 30, 50, 100 आणि त्याच्याही वर गेलाय.

पण करतात कसं? आम्हाला ऑप्टिकल कम्युनिकेशन एक सब्जेक्ट आहे, त्यात फोटॉनिक क्रिस्टलवर दोन ओळी आहेत आणि एक आकृती, त्यावरून काहीच कळत नाही. नीट सांगा ना सर, परीक्षेपुरतं नको.
— इलेक्ट्रॉनिक्सची विद्यार्थिनी, बेळगाव

परीक्षेपुरतं नको म्हणालीस, बरं वाटलं.

सिलिकॉनचा एक पातळ पापुद्रा घे, 220 नॅनोमीटर (नॅनोमीटर म्हणजे मायक्रॉनचा हजारावा भाग) जाडीचा, खाली वर हवा. त्यात एकसारखी गोल भोकं पाड, एकापासून दुसरं साधारण 400 नॅनोमीटरवर, मधमाशांच्या पोळ्यासारखी त्रिकोणी मांडणी. आणि मधली एक ओळ भोकांशिवाय तशीच सोड. ही सोडलेली ओळ म्हणजे प्रकाशाची वाट. दोन्ही बाजूंच्या भोकांच्या जाळीतून, तुझ्या पुस्तकातला फोटॉनिक क्रिस्टल तो हाच, ठराविक तरंगलांबीच्या प्रकाशाला जाताच येत नाही. अशी जाळी प्रकाश अडवू शकते हे 1987 मध्ये एली याब्लोनोविच आणि सजीव जॉन या दोघांनी वेगवेगळं मांडलं.

आता वाटेतून जाणाऱ्या प्रकाशाचं बघ. दोन्ही कडांना 400 नॅनोमीटरवर एक भोक आहे, म्हणजे दर 400 नॅनोमीटरला थोडा प्रकाश मागं परततो. एरवी हे मागं आलेले तुकडे एकमेकांना खोडून टाकतात आणि काही फरक पडत नाही. पण तरंगलांबी बदलत बदलत अशा ठिकाणी आणली की भोकांमधलं अंतर आतल्या प्रकाशाच्या बरोबर अर्ध्या तरंगलांबीएवढं झालं, की सगळे परतणारे तुकडे तालात येतात. पुढं जाणारी लहर आणि मागं येणारी लहर जवळजवळ सारख्या जोराच्या होतात, आणि दोन सारख्या लहरी समोरासमोर आल्या की काय होतं हे तू अकरावीतच शिकलीस, स्थिर तरंग. ऊर्जा जागच्या जागी हलत राहते, पुढं सरकते ती अगदी थोडी. बरोबर त्या तरंगलांबीला वेग शून्याकडं जातो, आणि त्याच्या पलीकडं गेलं की प्रकाश जातच नाही. म्हणून हळू प्रकाश नेहमी कड्याच्या टोकावर मिळतो. नॅनोमीटरचा काही भाग इकडं आलं तर साधा, तिकडं गेलं तर काहीच नाही, मधल्या पट्टीत काय ती मजा.

जपानच्या एनटीटी या टेलिकॉम कंपनीतल्या नोटोमी आणि मंडळींनी 2001 मध्ये अशा वाटेत इंडेक्स 100 च्या घरात मोजला. 2005 मध्ये आयबीएमच्या युरी व्लासोव्ह यांच्या ग्रुपनं 300 पटीहून जास्त हळू करून दाखवलं आणि वर एक छोटा हीटर बसवून तो कमीजास्तही केला.

हळू झाल्यावर पल्सला होतं काय ते जास्त महत्त्वाचं आहे. कोगनोळीचा टोलनाका आठव. हायवेवर गाड्या लांब लांब अंतरानं पळतात, नाक्याजवळ आल्या की वेग कमी आणि बंपरला बंपर. मिनिटाला जेवढ्या गाड्या येतात तेवढ्याच बाहेर पडतात, तरी नाक्याजवळच्या शंभर मीटरमध्ये गर्दी किती! पल्सचंही तसंच होतं. 10 पिकोसेकंदाची (पिकोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागाचाही हजारावा भाग) पल्स हवेत 3 मिलिमीटर लांब असते, इंडेक्स 100 असलेल्या वाटेत शिरली की तीच 30 मायक्रॉनची होते. ऊर्जा तेवढीच, जागा शंभरपट कमी, म्हणजे त्या जागेत प्रकाशाचा जोर वाढला आणि सिलिकॉनशी त्याची गाठभेटही जास्त वेळ झाली. त्यामुळं जे काम करायला एरवी मिलिमीटरभर लांबी लागायची ते त्याच्या छोट्याशा भागात होतं. माझ्या मते हळू प्रकाशाचा खरा फायदा हाच आहे, कमी जागेत जास्त काम. थांबवणं, साठवणं हे पेपरला हेडलाइन द्यायला ठीक, त्याबद्दल खाली येतोच.

आम्ही उद्यमबागेत सीएनसीवर हायड्रॉलिकचे पार्ट काढतो. 10 मायक्रॉनमध्ये जॉब बसवायचा म्हटलं तर सकाळी मशीन गरम होईपर्यंत थांबावं लागतं. तुमची ती भोकं किती अचूक लागतात, आणि पाडतात कशानं, ड्रिल तर नसणार?
— सीएनसी ऑपरेटर, बेळगाव

तुमचा प्रश्न वाचून सगळ्यात जास्त मजा आली, कारण या विषयातली निम्मी डोकेदुखी तुमच्याच भाषेतली आहे.

ड्रिल नाही. सिलिकॉनवर एक लेप देतात, त्यावर इलेक्ट्रॉनच्या बारीक झोतानं किंवा अतिनील प्रकाशानं नक्षी उमटवतात, मग प्लाझ्मानं उघडा पडलेला भाग सरळ खाली खोदतात. पापुद्रा मोकळा लटकता पाहिजे असेल तर खालचा काचेचा थर हायड्रोफ्लोरिक आम्लानं काढून टाकतात. भोकाचा व्यास साधारण 200 ते 250 नॅनोमीटर. तुमच्या 10 मायक्रॉनच्या टॉलरन्सच्या आडव्या रेषेत अशी पंचवीस भोकं ओळीनं बसतील.

आणि चालतंय किती? काही नॅनोमीटर, त्याच्यावर गेलं की बोंब. साध्या सिलिकॉन वायरीच्या रिंगमध्ये, म्हणजे वायर गोल वळवून टोकं जोडलेली, जिच्यात ठराविक तरंगलांबीचाच प्रकाश फिरत राहतो, रुंदी एक नॅनोमीटरनं चुकली तर ती ज्या तरंगलांबीला काम करते ती पण एक नॅनोमीटरच्या आसपास सरकते. हळू प्रकाशाची पट्टीच मुळात अरुंद आणि कड्याला लागून, त्यामुळं इकडं जॉब रिजेक्ट व्हायला फार वेळ लागत नाही. त्यात भोकाच्या भिंती खडबडीत राहिल्या तर प्रत्येक खडबडीवर थोडा प्रकाश मागं फेकला जातो, आणि प्रकाश जितका हळू तितका तो त्या भिंतीपाशी जास्त रेंगाळतो, म्हणून हे नुकसान नुसतं दुप्पट-तिप्पट वाढत नाही, ढोबळमानानं इंडेक्सच्या वर्गाच्या हिशोबानं वाढतं. 30 चा इंडेक्स 90 केला की वेग तिप्पट कमी, पण मागं उडणारा प्रकाश नऊपट. यामुळंच 300 पट करता येतं म्हणून कुणी 300 पट वापरत बसत नाही. कामाचा पट्टा साधारण 30 ते 50 चा. स्कॉटलंडच्या सेंट अँड्र्यूजमधल्या थॉमस क्राउस यांच्या ग्रुपनं 2008 मध्ये वाटेच्या लगतच्या दोन ओळींची भोकं किंचित बाजूला सरकवून असं केलं की इंडेक्स याच पट्ट्यात बऱ्यापैकी रुंद रंगपट्टीवर स्थिर राहतो. नवीन मटेरियल नाही, काही नाही, फक्त भोकांच्या जागा बदलल्या. तुमच्या लाइनमधल्या माणसाला याचं कौतुक जास्त कळेल.

तुम्ही मशीन गरम व्हायची वाट बघता म्हणालात ना, इथंही तेच आहे. सिलिकॉनची रिंग एका अंशानं तापली की तिची तरंगलांबी 0.08 नॅनोमीटरच्या आसपास सरकते. रिंगची पट्टी असते 0.15 नॅनोमीटर. दोन अंशात गाडी रुळावरून खाली. बेळगावची हवा कितीही थंड असू दे, चिपच्या शेजारी प्रोसेसर बसलेला असतो.

प्रकाश थांबवून ठेवता येतोय तर दिवसा उन्हाचा प्रकाश साठवून रात्री पंपाला वापरता येईल काय? सोलारची बॅटरी परवडेना झाल्या.
— शेतकरी, अथणी

नाही हो. हे सगळं एका अगदी अरुंद रंगपट्टीपुरतं चालतं आणि वेळ सेकंदाच्या अब्जाव्या भागात मोजायची असते, ऊन म्हणजे सगळे रंग एकदम आणि तास न तास. बॅटरी महाग आहे हे मान्य, पण तिला हा पर्याय नाही. दिवसा टाकीत पाणी चढवून ठेवणं यापेक्षा कितीतरी स्वस्त पडेल.

कंट्रोल कंट्रोल म्हणता ते नेमकं कशानं करतात? फॅनच्या रेग्युलेटरसारखं काही असतंय काय त्यात? सगळे नुसतं सिलिकॉन फोटॉनिक्स, एआय, डेटा सेंटर करुलाल्यात, वायर कुठं जोडायची ते कोण सांगत नाही.
— इलेक्ट्रिशियन, हुक्केरी

वायर कुठं जोडायची तेच सांगतो. सिलिकॉनमध्ये दोन ठिकाणी जोडता येते.

पहिली जागा, हीटर. प्रकाशाच्या वाटेच्या वर किंवा बाजूला धातूची एक बारीक पट्टी, तिच्यातून करंट सोडला की सिलिकॉन तापतं आणि त्याचा साधा अपवर्तनांक (वरचा ग्रुप इंडेक्स नव्हे) वाढतो. वाढ फार कमी, एका अंशाला 0.00019 च्या जवळपास. आता समजा 30 अंश तापवलं आणि लहरीला अर्ध्या तरंगलांबीनं मागं सरकवायचं आहे, म्हणजे प्रकाश दोन वाटांत वाटून पुन्हा एकत्र आणला की दोन्हीकडून येणारा प्रकाश एकमेकांना पूर्ण खोडेल आणि स्विच बंद होईल. हिशोब केला तर साध्या वायरीत 140 मायक्रॉन लांबी तापवावी लागते. तेच हळू प्रकाशाच्या वाटेत, जिथं पल्स दहापट हळू आहे, तिथं ढोबळपणे 14 मायक्रॉन पुरतात. लांबी कमी म्हणजे तापवायचं सिलिकॉन कमी, म्हणजे वीज कमी. आयबीएमनं 2005 मध्ये केलं ते हेच. हीटरचा तोटा एकच, तो आळशी आहे. तापायला-निवायला मायक्रोसेकंद लागतात, वाट वळवायला ठीक, डेटा पाठवायला कामाचा नाही.

दुसरी जागा, डायोड. सिलिकॉनच्या वाटेच्या एका बाजूला पी, दुसऱ्या बाजूला एन, तुमच्या ओळखीचा डायोडच. व्होल्टेज दिला की वाटेतले इलेक्ट्रॉन आणि होल कमीजास्त होतात आणि त्यानं अपवर्तनांक बदलतो, किती बदलतो याचा हिशोब रिचर्ड सोरेफ आणि ब्रायन बेनेट यांनी 1987 मध्ये मांडून ठेवला, आजही लोक तोच वापरतात. हे वेगवान आहे, सेकंदाला अब्जावधी वेळा चालू-बंद. पण परिणाम इतका नाजूक की 2004 मध्ये इंटेलनं सेकंदाला अब्ज वेळा चालणारा सिलिकॉन मॉड्युलेटर, म्हणजे विजेच्या सिग्नलप्रमाणं प्रकाश चालू-बंद करणारा भाग, दाखवला तेव्हा तो काही मिलिमीटर लांब होता. पुढच्याच वर्षी कॉर्नेल विद्यापीठाच्या मिखाल लिप्सन यांच्या ग्रुपनं 12 मायक्रॉन व्यासाच्या रिंगवर तेच काम केलं. फरक कशाचा? रिंगमध्ये प्रकाश गोल गोल फिरत राहतो, तेवढ्याच जागेतून पुन्हा पुन्हा जातो, म्हणजे हाही हळू प्रकाशच, फक्त सरळ वाटेऐवजी गोल वाटेत.

आणि एआयवाले करुलाल्यात ते सगळंच हवेतलं नाही. 2025 मध्ये एनव्हिडियानं डेटा सेंटरसाठी जे स्विच जाहीर केले त्यात चिपच्या शेजारीच प्रकाशाचे भाग बसवलेत आणि मॉड्युलेटर म्हणून अशाच बारक्या रिंगा वापरल्यात, कारण तांब्याच्या वायरीतून एवढ्या वेगानं सिग्नल पाठवताना वीज फार खाल्ली जाते. प्रत्येक रिंगला आपला आपला हीटर लागतो, वरच्या सीएनसीवाल्यांना लिहिलेल्या तापमानाच्या कटकटीमुळं. तर रेग्युलेटर म्हणा की, आहे तसलाच काहीतरी, एका चिपवर कितीतरी आणि सगळे स्वतःहून फिरणारे.

1999 साली कुणी बाईंनी प्रकाश सायकलच्या वेगानं चालवला असं वाचलेलं आठवतंय, आणि नंतर म्हणे थांबवला पण. त्याचं पुढं काय झालं? आणि प्रकाशाचा आवाज करून साठवतात ही बातमी खरी का व्हॉट्सअॅपवरची?
— निवृत्त पोस्टमन, शहापूर

खरं आहे, फक्त सायकलपेक्षा जास्त होता. लेने हाऊ, मूळच्या डेन्मार्कच्या, अमेरिकेत रोलंड इन्स्टिट्यूट आणि हार्वर्डमध्ये काम. 1999 च्या फेब्रुवारीत त्यांच्या ग्रुपनं सोडियमच्या अणूंच्या अतिथंड ढगात प्रकाशाचा वेग सेकंदाला 17 मीटरवर आणला, ताशी 61 किलोमीटर. ढग इतका थंड की निरपेक्ष शून्याच्या वर अंशाचा अब्जावा भाग मोजावा लागतो. 2001 मध्ये त्यांनी आणि हार्वर्डच्याच परिसरातल्या दुसऱ्या ग्रुपनं पल्स थांबवून पुन्हा सोडली. थांबली म्हणजे प्रकाश तिथं उभा राहिला असं समजू नका, त्याची सगळी माहिती अणूंच्या फिरकीत उतरवली, दुसरा एक लेसर बंद केला, मिलिसेकंदभरानं चालू केला, तशी ती माहिती पुन्हा प्रकाश होऊन बाहेर आली.

पण त्याला खोलीभर यंत्रं लागतात. 2003 मध्ये रॉबर्ट बॉइड यांच्या ग्रुपनं साध्या तापमानाला माणकाच्या स्फटिकात 57.5 मीटर सेकंदाला आणलं, थंडीची कटकट गेली, पण ती पल्स इतकी संथ लागते की डेटाच्या कामाची नाही. 2010 मध्ये होल्गर श्मिट आणि सोबत्यांनी पोकळ वाटेत रुबिडियमची वाफ भरून चिपवरच प्रकाश 1,200 पट हळू केला. हे मला फार आवडलेलं काम, कारण अणूंचं तंत्र आणि चिप दोन्ही त्यात एकत्र आलं.

आवाजाची बातमीही खरी. सिडनी विद्यापीठाच्या ग्रुपनं 2017 मध्ये केलं. चिपवरच्या खास काचेच्या वाटेत एका बाजूनं डेटाची पल्स, समोरून दुसरी जोरकस पल्स, दोन्ही भेटल्या की डेटाची ऊर्जा काचेतल्या कंपनात जाते, कानाला ऐकू येणारा आवाज नव्हे, त्याच्या लाखो पट वरच्या पट्टीतला. आवाज प्रकाशापेक्षा लाखभर पट हळू, त्यामुळं माहिती जागच्या जागी थोडी टिकते, मग तिसरी पल्स सोडून ती पुन्हा प्रकाशात आणायची. टिकते किती? दहा नॅनोसेकंदांच्या घरात. तेवढ्यात ते कंपन विरून जातं.

मग प्रकाशाची रॅम का येत नाही बाजारात? आमच्या दुकानात रोज विचारतात नवीन काय आलं म्हणून.
— कॉम्प्युटर रिपेअर, चिक्कोडी

येणार नाही, निदान मला तरी येईल असं वाटत नाही, आणि कारण पैशाचं नाही, गणिताचं आहे.

रिंगचंच घ्या. 5 मायक्रॉन त्रिज्येची सिलिकॉनची रिंग, एक फेरी मारायला प्रकाशाला 0.44 पिकोसेकंद लागतात. बऱ्यापैकी चांगली रिंग असेल तर प्रकाश आत अठरा-वीस फेऱ्या मारतो, म्हणजे 8 पिकोसेकंद थांबला. अशी रिंग साधारण 19 गिगाहर्ट्झ रुंदीचा सिग्नल आत घेते. आता म्हटलं दहापट जास्त थांबव. रिंग दहापट सुधारली, प्रकाश 82 पिकोसेकंद थांबला, पण आत घेण्याची रुंदी राहिली 1.9 गिगाहर्ट्झ. म्हणजे सावकाश येणारा डेटाच आत जाणार. थांबायचा वेळ गुणिले रुंदी, हा गुणाकार जवळपास तिथंच. एका रिंगमध्ये मावतो एखादा बिट, कितीही घासा-पुसा.

मग रिंगा वाढवायच्या. आयबीएमनं 2007 मध्ये तेच केलं, शंभरापर्यंत रिंगा माळेसारख्या जोडल्या, 500 पिकोसेकंदांहून जास्त थांबवलं, 10 बिट मावले, आणि सगळं 0.09 चौरस मिलिमीटरमध्ये. जागेच्या दृष्टीनं कमाल. पण 500 पिकोसेकंद म्हणजे काय, वर निपाणीच्या टेक्निशियनना सांगितलेल्या वेगानं काढा, 10 सेंटीमीटर फायबर! आणि नुकसानीत फायबर केव्हाच पुढं. चिपवरच्या साध्या सिलिकॉन वायरीत एका सेंटीमीटरला जेवढा प्रकाश वाया जातो, साधारण 2 डेसिबल, तेवढा वाया जायला चांगल्या फायबरमध्ये 10 किलोमीटर जावं लागतं.

एक पळवाट आहे. दार उघडं असताना पल्स आत घ्यायची आणि ती आत असतानाच रिंगांचा अपवर्तनांक झटकन बदलून दार लावून टाकायचं, म्हणजे तो गुणाकाराचा नियम लागू पडत नाही. स्टॅनफर्डच्या शानहुई फॅन यांनी 2004 मध्ये ही कल्पना कागदावर मांडली, कॉर्नेलनं 2007 मध्ये करून दाखवली. पण आत कोंडलेला प्रकाश रिंगच्या नुकसानीतून गळतच राहतो. इलेक्ट्रॉनची रॅम इतकी स्वस्त असताना एवढा उपद्व्याप कोण करेल? गिऱ्हाइकांना सांगा, नवीन एसएसडी घ्या.

जिथं थोडाच उशीर लागतो तिथं मात्र हे चालेल. योकोहामा नॅशनल युनिव्हर्सिटीतल्या तोशिहिको बाबा यांच्या ग्रुपचं लायडार बघण्यासारखं आहे, गाडीपुढचं अंतर लेसरनं मोजतात ना, ते. हळू प्रकाशाच्या वाटेतून प्रकाश थोडा थोडा वर निसटू देतात, आणि हळू भागात तरंगलांबी किंवा तापमान किंचित बदललं तरी बाहेर निघायचा कोन बराच बदलतो. म्हणजे फिरता आरसा नको, मोटर नको. जो नाजूकपणा मघाशी शाप होता तो इथं कामाला लावलाय.

सर, मी बारावी सायन्सला आहे, मराठी मीडियममधून आलोय, मला हे शिकायचं आहे. त्यासाठी परदेशातच जावं लागेल का, आणि आत्तापासून काय करू?
— विद्यार्थी, खानापूर

परदेश लांब राहिला, आधी रेल्वेनं एका रात्रीत पोचता येतं ते बघ. बंगळूरच्या आयआयएससीमध्ये नॅनो सायन्स अँड इंजिनिअरिंगचं सेंटर आहे, तिथं सिलिकॉन फोटॉनिक्सच्या चिप डिझाइन करतात आणि बनवतातही. आयआयटी मद्रासमध्येही या विषयाचं मोठं काम चालतं. तिथंपर्यंत जायला बीएस्सी फिजिक्स चालेल किंवा इलेक्ट्रॉनिक्सचं इंजिनिअरिंग चालेल, ते बेळगावात करता येतं. मराठी मीडियमचं टेन्शन घेऊ नको, पहिलं वर्ष जड जातं, मग सगळे सारखेच. मधल्या काळात एनपीटीईएल या सरकारी ऑनलाइन पोर्टलवर फोटॉनिक्सचे कोर्स फुकट बघता येतात.

आत्ता करण्यासारखं म्हणशील तर लहरींचं चॅप्टर घोकू नको, समजून घे, वर त्या ताईला लिहिलेलं सगळं त्याच चॅप्टरवर उभं आहे. थोडं पायथन शीक. मग एमपीबी नावाचं एक सॉफ्टवेअर आहे, एमआयटीमध्ये तयार झालेलं, फुकट मिळतं, लिनक्सवर चालतं, साधा लॅपटॉप पुरतो. त्यात भोकांची त्रिकोणी जाळी दे, मधली एक ओळ काढून टाक आणि प्रोग्राम चालव. एक ग्राफ मिळतो, आडवं लहरीचा आकडा, उभं फ्रिक्वेन्सी. त्यातल्या रेषेचा उतार म्हणजे पल्सचा वेग. ती रेषा उजवीकडं जाता जाता आडवी पडत जाते, तिथं प्रकाश हळू झाला. मग वाटेलगतची भोकं थोडी थोडी सरकवून बघ आणि तो आडवा भाग सरळ, लांब राहतो का बघ. पहिल्यांदा दोन मितींतच कर, तीन मितींत लॅपटॉप रात्रभर घुरघुरत बसेल. ग्राफ निघाला की सदराच्या नंबरवर फोटो पाठव, अडलं तर एरर मेसेज जसाच्या तसा पाठव, नुसतं 'चालत नाही' म्हणून लिहू नको.